मापकाकूंची कडी

मापकाकू हे नाव आमच्या खटपटखोलीतल्या पोरांनी ठेवलं, आणि ते त्यांना इतकं चपखल बसलं की त्यांचं खरं नाव आठवायला मला आता डोकं खाजवावं लागतं. गळ्यात कायम शिंप्याची टेप. कुणी काही बनवून दाखवलं की 'छान' म्हणायच्या आधी त्या टेप लावून बघायच्या, मान एकदा इकडे, एकदा तिकडे करायच्या आणि म्हणायच्या, "डावीकडे जरा सैल आहे." पोरं हसायची, पण बदलायची.

खटपटखोली म्हणजे आमच्या वाचनालयातला मेकरस्पेस. दारावर पाटी मेकरस्पेसचीच आहे, पण तो शब्द तोंडात घोळवत बसायला आम्हा कर्मचाऱ्यांना वेळ नाही. पूर्वी तिथे जुन्या वर्तमानपत्रांचे बांधलेले गठ्ठे होते आणि खोलीत सुखाची शांतता होती. मग आमचे ग्रंथपाल, ज्यांना आम्ही साहेब म्हणतो, कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की यापुढे वाचनालयात लोक नुसते वाचणार नाहीत, वस्तू बनवणारही. गठ्ठे तळघरात गेले. त्यांच्या जागी थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर, शिलाई मशीन, तारांना डाग द्यायची हत्यारं आली, आणि या सगळ्याच्या उरावर मला बसवलं. मी तोवर देवघेव विभागात होते. तिथे यंत्र म्हणजे एक रबरी शिक्का. मी तीन वेळा बदली मागितली आणि साहेबांनी तीनही वेळा मला चहा पाजला.

मापकाकू पहिल्यांदा आल्या त्या मशीनचा आवाज ऐकून. वाचनकक्षात मासिक चाळत बसल्या होत्या. शिलाई मशीन अडखळत चाललेलं ऐकू आलं, तसं त्यांना राहवलं नाही. आयुष्यभर त्यांनी घरी बसून शाळेचे गणवेश शिवले होते. खाकी चड्ड्या, निळे फ्रॉक, वर्षातून एकदा डोंगराएवढं काम. डोळे थकले तेव्हा मशीन विकून टाकलं. दारात उभं राहून त्यांनी मला विचारलं, "ताई, आत आलं तर चालेल का? त्या मुलाचा खालचा दोरा सुटलाय."

त्या आल्या त्या आल्याच. रोज दुपारी, जेवणवेळ टळली की हजर, आणि दोन तासांनी घड्याळाच्या काट्याबरोबर उठून चालत्या. एक मिनिट इकडे नाही, एक मिनिट तिकडे नाही. कितीही रंगात आलेलं काम असो, हातातलं तसंच टाकून निघायच्या. "घरी वाट बघतात," एवढंच सांगायच्या. मला त्यांचं कौतुक वाटायचं. या वयात संसाराची एवढी शिस्त.

शिलाईतून त्या प्रिंटरकडे कधी वळल्या ते माझ्या लक्षातच आलं नाही. एक दिवस बघते तर स्टूल ओढून त्या प्रिंटरसमोर बसलेल्या. प्लास्टिकचा बारीक दोरा वितळवत ते यंत्र थरावर थर चढवत होतं. "ताई, ही सुई कापड नसतानाच शिवते हो," त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्यांच्या लेखी फिलामेंट म्हणजे दोरा, आणि संगणकावर वस्तू आखणं म्हणजे बेतणं. महिन्याभरात स्वतः बेतायला लागल्या. चुकत, वैतागत, स्वतःलाच शिव्या घालत.

मग कडी आली. एके दिवशी टेबलाभोवती पोरं जमली असताना काकू म्हणाल्या, "मला दाराला एक कडी करायचीय. घरात एकाला सारखं बाहेर पळायची खोड आहे."

"नातू का?" रोज येणाऱ्या एका इंजिनिअरिंगच्या मुलीने विचारलं.

"नातवासारखंच समजा," काकू म्हणाल्या आणि हसल्या. आम्हीही हसलो.

काकूंच्या अटी पक्क्या होत्या. दार गजांचं, लोखंडी. आतून गजांमधून एक हात बाहेर निघतो, त्या एका हाताला ती उघडता येता कामा नये. बाहेरून मात्र कुणालाही, अगदी शेजारच्या बाईलाही, पटकन उघडता आली पाहिजे. कुलूप नको. का नको, ते कुणी विचारलं नाही. आमच्या खोलीत कुणी कुणाला असलं काही विचारत नाही. वस्तू कशी बनवायची यावर तासन्‌तास डोकी लढवतील, वस्तू कशाला हवी हा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही. मुलीने युक्ती काढली की एका हाताने कळ दाबून धरायची आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने दांडी उचलायची. दोन हात लागलेच पाहिजेत. मग काकूंनी एकामागून एक कड्या बनवल्या. प्रत्येक कडी त्या खुर्चीच्या पाठीला बांधायच्या, खुर्चीच्या दांड्यांमधून हात घालायच्या आणि जिवाच्या आकांताने ती उघडायचा प्रयत्न करायच्या. उघडली की त्यांचं तोंड उतरायचं. शेवटची काही केल्या उघडेना, तेव्हा त्यांनी टाळी वाजवली. बाई स्वतःच्याच कडीपुढे हरली आणि लहान मुलीसारखी खूश झाली, हे मी घरी जाऊन रंगवून सांगितलं होतं.

त्या कडीच्या दोन प्रती काढल्या. एक काकू घरी घेऊन गेल्या. दुसरी साहेबांनी काचेच्या कपाटात ठेवली आणि खाली चिठ्ठी लावली, 'घरगुती संशोधन'.

आता त्या दिवसाचं सांगते. वाचनालयाचा खुला दिवस होता. ज्यांच्या होकारावर मेकरस्पेसची दुसरी खोली अडली होती, त्या समितीच्या अध्यक्षबाई यायच्या होत्या. साहेबांनी नवा शर्ट घातला होता. काकूंनी कडी दाखवायची असं ठरलं होतं. पण अध्यक्षबाई उशिरा आल्या, मग साहेबांचं भाषण, मग अध्यक्षबाईंचं. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं. गेल्या चार दिवसांत उन्हाळा एकदम अंगावर आल्यासारखा आला होता. काकूंची नेहमीची उठायची वेळ टळली. त्यांनी मला कोपराने ढोसलं. "ताई, मी निघते."

"काकू, आता तुमचीच पाळी आहे. पाच मिनिटं," मी म्हणाले.

त्या बसल्या, पण टेपचं टोक बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या, पुन्हा गुंडाळायच्या. शेवटी बोलावणं आलं. त्यांनी कडी दाखवली, घाईघाईत. अध्यक्षबाईंना स्वतः उघडून बघावीशी वाटली. खुर्चीच्या दांड्यांतून हात घालून त्यांनी धडपड केली, हरल्या, सगळे हसले. मग त्यांनी अगदी सहज, बोलायचं म्हणून विचारलं, "घरी कुठल्या दाराला लावलीय?"

"आमच्या पुढच्या दाराला," काकू म्हणाल्या. "आमचे हे आत असतात ना."

"म्हणजे तुमचे मिस्टर?"

"हो. त्यांचं डोकं आता चालत नाही. बाहेर गेले की परतीची वाट सापडत नाही."

"आणि आत्ता ते कुठे आहेत?"

"आत आहेत," काकू म्हणाल्या. त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे होती. "म्हणून तर म्हणत होते, मला निघायला पाहिजे."

अध्यक्षबाईंनी कडीवरचा हात असा काढून घेतला, जसा गरम तव्यावरून काढावा. साहेब तोंड उघडं ठेवून उभे होते, चेहऱ्यावर भाषणातलं हसू तसंच राहिलेलं. इंजिनिअरिंगची मुलगी माझ्याकडे बघत होती, जणू मी काहीतरी सांगेन. रोजचे दोन तास. ते घड्याळाच्या काट्यावर उठून जाणं. 'घरी वाट बघतात.' आणि या सगळ्याला मी संसाराची शिस्त म्हणत होते.

काकू तोवर दारापर्यंत पोचल्या होत्या. मी त्यांच्या मागे धावले. कशासाठी, ते मलाही ठाऊक नव्हतं. जाब विचारायला की सोबत करायला, अजून सांगता येणार नाही.

रस्त्यात मी जे मनात येईल ते बोलले. जनावराला सुद्धा कुणी असं कोंडत नाही, असंही बोलले. काकू भरभर चालत होत्या आणि माझ्याकडे न बघता उत्तरं देत होत्या, गिऱ्हाईकाला कपडा कधी मिळेल ते सांगावं तशी.

त्यांचे यजमान सुतार होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. या भागातल्या निम्म्या घरांची दारं त्यांच्या हातची. डोक्यातलं एकेक विझत गेलं, पण हात शहाणे राहिले. एकदा ते मोठ्या रस्त्याच्या मधोमध वाकून डांबराला मोजायचा गज लावून बघताना सापडले. एकदा दोन दिवस सापडलेच नाहीत. "घरात असेल नसेल ती प्रत्येक कडी त्यांनीच बसवलेली," काकू म्हणाल्या. "त्यांना माझं नाव आठवत नाही, पण गजांतून हात घालतात आणि खिटी काढतात. बघावं पण लागत नाही त्यांना. बाजारातल्या सगळ्या कड्या आणून झाल्या ताई. त्या हातांनी कधी बघितलीच नसेल अशी कडी मला पाहिजे होती."

"मग कुलूप का नाही?"

"आग लागली तर? शेजारच्या बाईंनी काय करायचं?" त्या थांबल्या आणि पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला काय वाटलं, मी विचार केला नाही?"

"त्यांना बरोबर आणायचं होतं."

"आणलं होतं. तुम्ही रजेवर होतात. वाचनकक्षातल्या खुर्च्या उलट्या करून पाय उपसायला लागले. तुमच्या शिपायाने दंडाला धरून बाहेर काढलं आणि पुन्हा आणू नका म्हणाला."

आम्ही जिना चढायला लागलो.

तिसऱ्या मजल्यावर लांबलचक उघडी गॅलरी, ओळीने दारं, आणि सगळ्या गॅलरीत पश्चिमेचं ऊन नुसतं ओतलेलं. काकूंच्या दाराला काळ्या रंगाचे लोखंडी गज. शेजारच्या दाराला कुलूप होतं, त्या बाई कुठेतरी गेल्या होत्या. आणि गजांमधून एक म्हातारा हात बाहेर आलेला होता, कोपरापर्यंत. तो कडीवर काम करत होता.

कडी आता कडी राहिली नव्हती. तापलेल्या लोखंडावर ती मऊ पडली होती, कळ दांडीत रुतून बसली होती, आणि वरून त्या बोटांनी तिला दाबून, पिळून, चेपून एक गोळा करून टाकला होता. आम्ही खटपटखोलीत कायम साधा, स्वस्तातला दोरा भरतो. चावीच्या साखळ्या, पेनस्टँड, मोबाईल ठेवायची स्टँडं. आमच्याकडे बनलेल्या एकाही वस्तूने आजवर ऊन पाहिलं नव्हतं. एवढी डोकी त्या कडीभोवती जमली, पण दार कुठल्या दिशेला आहे ते एकानेही विचारलं नाही. काकूंनी कळ दाबली. हलली नाही. दांडी उचलली. तीही नाही. काकूंच्या तोंडातून आवाज निघाला, तसा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मिस्त्रींच्या बोटांची टोकं सोलली होती. एका नखाखाली रक्त सुकलं होतं.

ते मात्र शांत होते. काकूंकडे बघून म्हणाले, "बाई, जरा मदत करता का? आमची ही बाहेर राहिलीय. कडी बसलीय, तिला आत येता येत नाही."

काकूंचे हात तसेच थांबले.

"रोज असंच होतं," मिस्त्री म्हणाले. "ती जाते आणि दार अडकतं. मग मलाच जाऊन बघावं लागतं कुठे राहिली ते."

मी भिंतीला टेकले. खोड म्हणे बाहेर पळायची. तो माणूस हिलाच शोधायला निघत होता. काकूंचा चेहरा मी बघू शकले नाही, नजर दुसरीकडे वळवली. "मीच आहे हो," त्या म्हणाल्या. "आलेय मी." मिस्त्रींनी मान डोलावली, जशी अनोळखी माणसाच्या समाधानासाठी डोलवावी.

"पिना काढायला लागतील," ते म्हणाले. "बिजागऱ्यांच्या. खालून ठोकायच्या. पण हातोडी सापडत नाही. लपवून ठेवलीय कुणीतरी."

लपवून ठेवणारी तिथेच उभी होती. क्षणभर त्या घुटमळल्या. मग म्हणाल्या, "तांदळाच्या डब्यात. तळाशी." मिस्त्री आत गेले. डबा आडवा झाल्याचा, तांदूळ फरशीवर सांडल्याचा आवाज आला. हातोडी घेऊन ते आले. चेहरा असा उजळला होता की कुणाला वाटावं, जुना मित्र भेटला.

मग आम्ही तिघांनी ते दार उतरवलं. दोघी बाहेर, ते आत. पिना बाहेरच्या बाजूला होत्या, आणि गजांतून हातोडीचा घाव बसत नव्हता, म्हणून काकूंनी मारायचं आणि त्यांनी सांगायचं. "खालून. हळू. अहो बाई, तिरकी मारू नका." वरची पिन हलेना. काकू घामाघूम झाल्या होत्या. मिस्त्रींनी गजांतून हात काढून त्यांच्या मनगटाची दिशा बदलली आणि अगदी वेगळ्या आवाजात खेकसले, "अगं, इतक्या वर्षांत एवढं पण शिकली नाहीस. मूठ शेवटाला धर." काकूंनी मूठ शेवटाला धरली. पिन एका घावात वर आली. काकू रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि दुसऱ्या पिनेच्या वेळी त्यांनी मुद्दाम मूठ मध्ये धरली. पण ते पुन्हा 'बाई' वर आले होते.

दार एका बाजूने सुटलं. मी धरलं, चटका बसला, तरी धरलं. मिस्त्री बाहेर आले. पळाले वगैरे नाहीत. त्यांनी काकूंच्या हातातली हातोडी घेतली, दाराचा ताण सुटल्यावर सैल झालेला कडीचा गोळा उडवला, तो उचलला, उन्हात फिरवून बघितला, दांडीची उरलेली बाजू अंगठ्याने चाचपली. "कुणी केलंय?" त्यांनी विचारलं. "माप बरोबर आहे. माल चुकला." आणि ते बिजागऱ्या पुसायला लागले.

काकूंनी मला गॅलरीच्या कठड्याशी ओढलं. मला वाटलं, आता त्या म्हणतील की चुकलं माझं, किंवा ताई, कुणाला सांगू नका. मी उत्तर सुद्धा तयार ठेवलं होतं. त्यांनी टेपने चेहरा पुसला आणि म्हणाल्या, "उन्हात न वितळणारा दोरा मिळतो ना? ती मुलगी एकदा म्हणाली होती. आपल्याकडे आहे का?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. आत्ता, याच्या नंतर. रक्त अजून त्या माणसाच्या नखाखाली होतं.

"काकू, तुम्ही त्यांचं बोलणं ऐकलंत ना?"

"मला ऐकायला येतं, ताई."

"मग पुन्हा कडी?"

त्यांनी एकदा मिस्त्रींकडे बघितलं. मग हळू आवाजात, पण एकही शब्द न गाळता म्हणाल्या, "मुलगा म्हणतो, कुठल्यातरी संस्थेत नेऊन ठेव. तिथे अशा माणसांचे हात बांधतात. मी बघून आलेय. इथे रात्रंदिवस मी असते. खाऊ घालते, धुते, पुसते, आणि 'बाई तुम्ही कोण' ऐकते. एकदा उशी हातात घेऊन मी त्यांच्या उशाशी उभी राहिले होते. खूप वेळ. दुसऱ्या दिवशी तुमच्या वाचनालयात आले. ते दोन तास काढून घेतलेत तर मी तो माणूस मारून टाकीन. खरं सांगते."

आवाज चढलेला नव्हता. खालून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मला त्या बाईची भीती वाटली आणि त्याच वेळी तिला घट्ट धरावंसं वाटलं. यातलं मी काहीच केलं नाही.

"अहो, बायांनो," मिस्त्रींनी हाक मारली. "दार चढवायचंय की नाही? असं उघडं ठेवून चालत नाही." आम्ही गेलो. त्यांनी दार तोललं आणि काय करायचं ते समजावून सांगितलं, शिकाऊ माणसाला सांगावं तसं. "हे आतून धरावं लागतं, नाहीतर बिजागरी जुळत नाही. मी आत जातो. मी जुळवलं की तुम्ही बाहेरून पिना टाका."

ते स्वतःच्या पायांनी आत गेले. सांडलेल्या तांदळात पाय रोवले, दोन्ही हातांनी गज धरले, दार उचलून नेमकं जागेवर आणलं. "टाका," ते म्हणाले. काकूंनी वरची पिन टाकली. खालची मी टाकली. मिस्त्रींनी दार गदागदा हलवून बघितलं.

"हं," ते समाधानाने म्हणाले. "आता फक्त चांगली कडी पाहिजे."

काकू माझ्या उत्तरासाठी थांबल्या होत्या. माझा हात अजून त्या पिनेवर होता.

"आहे तसला दोरा," मी म्हणाले. "उद्या नेहमीच्या वेळेला या. मशीन मोकळं ठेवते."